धाकटीचा आठवा महिना

बटाट्याची काढणी चालू होती आणि थोरलीचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. उन्हानं नव्हे, अंड्यानं.

झालं असं, की पहाटेपासून चार सऱ्या उकरून ती पाणी प्यायला घरी आली. हाताला कोपरापर्यंत माती, नखांत माती, पाठीचा पार काटा ढिला झालेला. उंबऱ्यात पाय ठेवते तर समोर काय? धाकटी डाव्या कुशीवर पडलेली, डोक्याखाली दोन उशा, आणि सासू तिच्यापाशी बसून उकडलेलं अंडं सोलतेय. नुसतं सोलत नव्हती, वरचा पापुद्रा नखानं हळूच काढून फुंकर मारत होती.

"हे कितवं?" थोरलीनं विचारलं.

"दुसरं," सासू म्हणाली. "नर्सबाईंनी सांगितलंय ना. अंगात ताकद पाहिजे."

"माझ्या वेळी कोंबड्या नव्हत्या वाटतं आपल्याकडे."

"होत्या की. तेव्हा कोणाला माहीत होतं गं हे सगळं?"

"अंडी देणाऱ्या कोंबड्यांना माहीत होतं. खाणाऱ्यांनाही माहीत होतं. फक्त मलाच द्यायचं माहीत नव्हतं."

सासूनं सोललेलं अंडं धाकटीच्या हातात दिलं आणि थोरलीकडे न बघता म्हणाली, "मोठी आहेस तू. पोटुशीच्या तोंडचा घास मोजत बसू नये."

धाकटी बिचारी अवघडून उठून बसली. "ताई, अर्धं तुम्ही घ्या ना."

"मला नको. मी काय आजारी आहे?" थोरली म्हणाली, माठातलं पाणी उभ्यानंच घटाघटा प्याली आणि शेताकडे चालू लागली. त्या दिवशी तिची कुदळ अशी चालली, की तिच्या सरीतले निम्मे बटाटे चिरून निघाले. नवरा म्हणाला, "अगं, हळू. काय वैर आहे बटाट्यांशी?" वैर कोणाशी होतं ते तिला नीट सांगता आलं नसतं.

धाकटी वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. उर्मट असती, आळशी असती, तर थोरलीला तिचा राग राग करायला बरं पडलं असतं. पण ती पोर साधी. लग्न होऊन दोन वर्षं झाली, तरी "ताई, मीठ किती टाकू?" असं रोज विचारणारी. थोरलीच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या वेण्या घालायची, तिला पाढे म्हणून दाखवायची. आणि तरीही तिचं वाढतं पोट बघितलं, की थोरलीच्या काळजाला कोणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं.

कारण थोरलीचंही पोट असंच वाढलं होतं. लेकीच्या वेळी ती शेवटच्या दिवसापर्यंत गोठ्यात होती. कळा सुरू झाल्या तेव्हा हातात शेणाची पाटी होती. दुसऱ्या वेळी पाच वर्षांपूर्वी पाण्याचे हंडे, गवताचे भारे, दोन म्हशींच्या धारा, सगळं चालू होतं. जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, असं सासूचं ठाम मत. त्यामुळे ताटात दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायचीही चोरी. आठव्या महिन्यात एके दिवशी तिला झटके आले. ती वाचली, मूल गेलं. मुलगा होता म्हणे. त्यानंतर तिची कूस पुन्हा भरली नाही. लोक घरी येऊन बसले, उठून गेले, आणि जाताना प्रत्येकानं एकच शब्द ठेवून दिला, नशीब. सासूनं तर तो शब्द उचलून कायमचा थोरलीच्याच नावावर करून टाकला.

आता मात्र घराचं रूपच पालटलं होतं. धाकटा दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर. चार गावं फिरलेला. बायकोला दिवस राहिल्याचं कळताच त्यानं बजावलं, "आई, हिनं जड उचलायचं नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. दर बुधवारी शाळेत नर्सबाईंचा वर्ग असतो, तिथं जायचं." आणि ज्या सासूनं जन्मात कोणाचं ऐकलं नाही, तिनं मान डोलावली. वर थोरलीला म्हणाली, "तू पण जात जा हिच्याबरोबर. ही वेंधळी आहे, अर्धं विसरून येते. तुझ्या लक्षात राहतं."

थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. पण गेली.

वर्ग शाळेच्या शेवटच्या खोलीत भरायचा. सात-आठ पोटुशा बायका चवथीच्या बाकांवर कशाबशा मावायच्या. नर्सबाई काटकुळी, घोगऱ्या आवाजाची, बोलायला लागली की थांबायची नाही. पिशवीतून कापडाची बाहुली काढून मूल पोटात कसं असतं ते दाखवायची.

"रक्तवाढीची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही. का? कोण सांगेल?"

बायका एकमेकींकडे बघायच्या. धाकटी पदराशी चाळा करायची. शेवटी मागून थोरलीचा आवाज यायचा, "चहानं गोळीचा गुण जातो. लिंबू पिळलेलं काही खाल्लं तर गोळी जास्त लागू पडते. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही."

"शाब्बास! आणि दोन जिवांची बाई जास्त जेवली तर मूल फार मोठं होऊन अडतं, हे खरं का?"

"खोटं," थोरली म्हणायची. "कमी जेवली तर मूल कमी वजनाचं होतं आणि आई रोडावते."

'खोटं' हा शब्द तोंडातून काढताना तिला दातांखाली खडा आल्यासारखं वाटायचं. नर्सबाईचं एकेक वाक्य म्हणजे तिच्या जुन्या दिवसांची झडतीच होती. दुपारी दोन तास आडवं व्हायचं. ती कधी झाली होती? वाकून जड उचलायचं नाही. तिनं काय उचललं नव्हतं? घरात कोणी तंबाखू ओढत असेल तर त्याला अंगणात पाठवायचं. तिचा सासरा जिवंत असताना तिच्याच चुलीपाशी बसून ओढायचा. बाकीच्या बायका तिथून शिकून परत जायच्या. थोरली मनात कुढत परत जायची.

नर्सबाईला मात्र ती फार आवडली. "तुझं कितवं गं?" तिनं एकदा विचारलं.

"माझं काही नाही. मी हिच्याबरोबर येते."

"असं? मग ही नशीबवान आहे."

झालं. पुन्हा तोच शब्द, आणि आता तो धाकटीच्या पदरात.

एका बुधवारी धाकटीला दगदग नको म्हणून सासूनं घरीच ठेवलं. थोरली एकटी गेली. त्या दिवशी नर्सबाईनं बाहुली पिशवीतच ठेवली होती.

"आज नीट ऐका," ती म्हणाली. "डोकं ठणकतंय आणि काही केल्या थांबत नाही. डोळ्यांपुढे ठिपके नाचतात, धूसर दिसतं. तोंड आणि हात सुजलेत. बरगडीखाली दुखतंय. यातलं काहीही झालं, तर ऊन लागलं असेल, पित्त असेल, असं म्हणत बसायचं नाही. रक्तदाब वाढलेला असू शकतो. तसाच सोडला तर झटके येतात, आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेततं. लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. लगेच म्हणजे त्याच तासाला."

थोरलीनं आपल्या हातातल्या बांगड्यांकडे बघितलं. बोटं सुजून बांगड्या रुतल्या होत्या तो दिवस, डोकं फुटेल असं वाटलं होतं ती सकाळ, आणि सासूनं कपाळावर ओला फडका ठेवून म्हटलं होतं, "ऊन लागलंय, पड जरा. पण धारांच्या वेळेला ऊठ." एकेक गोष्ट नर्सबाई जणू तिच्या घरात उभी राहून सांगत होती.

निघताना नर्सबाई म्हणाली, "तुझ्या जावेला हे शब्दान् शब्द सांग हं. ती पहिलटकरीण आहे. मागच्या वेळी तिचा रक्तदाब जरा वरच होता."

थोरली घरी आली. सासूनं विचारलं, "काय सांगितलं आज बाईंनी?"

थोरलीनं चपला काढल्या, पाय धुतले. मग म्हणाली, "तेच. पालेभाजी खा, दूध प्या."

आपण असं का केलं, हे तिचं तिलाही कळलं नाही. धाकटीचं वाईट व्हावं असं तिला वाटलं का? तिला विचारलं असतं तर तिनं छाती बडवून नाही म्हटलं असतं. तिला एवढंच वाटलं, की सगळंच हिला का मिळावं? अंडी हिला, उशा हिला, नवऱ्याची काळजी हिला. हे शेवटचं तरी मी का म्हणून नेऊन द्यावं? उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्याचा परवा झाला. बघता बघता दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी बटाट्याची पोती भरायची होती. धाकटा गाडीवर गेलेला. सकाळी धाकटी चुलीपाशी आली ती डोकं दाबतच. पापण्या टच्च सुजलेल्या, गाल फुगलेले.

"आई, डोकं फार ठणकतंय. कालपासून थांबलंच नाही."

"ऊन वाढलंय," सासू म्हणाली. "ओला फडका ठेवते, पड जाऊन."

थोरली दारात होती. तिनं ते तोंड बघितलं. ती सुजलेली बोटं बघितली. तिला सगळं कळलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिनं रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा उचलून डोक्यावर घेतला आणि ती शेतात निघून गेली.

शेतात ती पोती भरत राहिली. एक भरायची, तोंड शिवायची, दुसरं घ्यायची. उगाच काहीतरी असेल, ती स्वतःला सांगायची. सगळ्यांनाच डोकेदुखी होते. पुढचं पोतं. मला कोणी सांगितलं होतं? पुढचं पोतं. मी मेले का? आणि इथं येऊन तिचा हात थांबायचा, कारण ती मेली नव्हती, पण कोणीतरी मेलं होतं.

सूर्य डोक्यावर यायला लागला तेव्हा बांधावरून धाकटी येताना दिसली. एका हातानं पोट धरलेलं, दुसरा डोळ्यांवर. घर ते शेत एवढं अंतर ती त्या अवस्थेत चालत आली होती.

"काय गं? इथं कशाला आलीस?"

"ताई," तिला धाप लागली होती, "आई म्हणतात ऊन लागलंय. पण मला बरगडीखाली दुखतंय आणि डोळ्यांपुढे चमकतंय काहीतरी. तुम्ही वर्गाला गेला होतात. बाईंनी असं काही सांगितलं होतं का?"

थोरली उभी राहिली. हातात सुतळी ओवलेला दाभण. तोंड उघडलं आणि तिच्या कानांनी तिचाच आवाज ऐकला, "नाही बाई. काही नाही सांगितलं. जा, पड जा."

"बरं," धाकटी म्हणाली. नुसतं बरं. थोरलीनं सांगितलं म्हणजे तसंच असणार. ती वळली, चार पावलं गेली आणि समोरचा बांध तिला दिसलाच नाही. दिवसाढवळ्या, हातभर उंचीचा बांध. ती अडखळली, गुडघ्यावर आली, आणि चाचपडत हवेत हात फिरवायला लागली.

थोरलीच्या हातातून दाभण गळून पडला.

"थांब! हलू नकोस!" ती अशी धावली, की वाटेतली दोन पोती लाथेनं आडवी झाली. धाकटीला तिनं कवेत घेतलं आणि शेताच्या टोकाला उभ्या टेम्पोकडे बघून ओरडली, "भोंग्या! गाडी रिकामी कर!"

टेम्पोवाल्याला सगळे भोंग्या म्हणत, कारण रस्त्यात कोणी असो नसो, तो हॉर्न वाजवायचाच. तो म्हणाला, "वहिनी, आत्ताच तर भरली. वीस पोती आहेत."

"तुझी पोती गेली खड्ड्यात!" थोरलीनं फाळका पाडला आणि स्वतःच पोती खाली ओढायला लागली. शिवण उसवली, बटाटे घरंगळत रस्ताभर झाले. नवरा धावत आला, "अगं, वेड लागलं का तुला?"

"हिला झटके येणार आहेत. मला आले होते तसेच. बघत काय उभे आहात? हिला उचला!"

नवऱ्यानं धाकटीला उचलून टेम्पोत ठेवलं. घराजवळून जाताना सासू आडवी आली. "भर उन्हात पोरीला कुठं नेता? पडू द्या घरात, सावलीत."

"आई, बाजूला व्हा," थोरली म्हणाली. आजवर तिनं सासूशी वाद घातला होता, टोमणे मारले होते, पण अशी आज्ञा कधी केली नव्हती. सासू बाजूला झाली. मग तीही घाईघाईनं मागून चढली.

भोंग्या त्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवत गेला आणि कोणी त्याला हसलं नाही. थोरलीनं धाकटीला डाव्या कुशीवर धरून ठेवलं होतं. दवाखान्याच्या फाटकात गाडी वळली आणि तिच्या मांडीवरचं ते शरीर एकदम ताठ झालं. दातखीळ बसली, हातपाय झडू लागले. सासूनं किंकाळी फोडली आणि तिच्या तोंडात पदराचा बोळा घालायला गेली.

"तोंडात काही घालू नका!" थोरलीनं तिचा हात झटकला. "कुशीवरच राहू दे. डोकं आपटू देऊ नका."

मग पांढरे कपडे, चाकांचा पलंग, इंजेक्शनं, कागदावर अंगठे आणि सह्या. झटके थांबल्यावर तासाभरात धाकटीचं पोट उघडून मूल बाहेर काढलं. मुलगी. पावणेदोन किलो. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाली, "दोघी आहेत. अजून उशीर झाला असता तर मला हे सांगता आलं नसतं. कोणी ओळखलं?"

सासूनं थोरलीकडे बोट दाखवलं. "हिनं. माझ्या थोरल्या सुनेनं."

आणि तिथून सुरू झालं. भेटायला येईल त्याला सासू सांगायची, "हिच्यामुळे वाचली. बटाटे फेकून दिले हिनं, बटाटे!" धाकटा तर भर व्हरांड्यात तिच्या पाया पडला. सगळ्यांच्या तोंडी थोरलीचं नाव. इतकी वर्षं जे कौतुक दुसऱ्याच्या पदरात पडताना बघून ती जळली होती, ते आज ओंजळ भरभरून मिळत होतं आणि तिला एक घास गिळता येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी धाकटी उठून बसली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. थोरली खाटेच्या कडेला टेकली.

"एक सांगायचंय. मला माहीत होतं."

"काय?"

"डोकं दुखणं, सूज, डोळ्यांपुढे चमकणं. बाईंनी सगळं सांगितलं होतं. तुला सांग म्हणाल्या होत्या. मी सांगितलं नाही. शेतात तू विचारलंस, तेव्हाही खोटं बोलले."

धाकटीनं विचारलं, "किती दिवस माहीत होतं?"

"दहा."

"का, ताई?"

"तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो. तुझी पेटीत आहे, पण आहे."

धाकटीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुम्ही बाहेर जा आत्ता."

थोरली बाहेर आली आणि बाकावर बसली. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून हाक आली. "ताई." थोरली दारात गेली. धाकटी खाटेची कड धरून उभी होती. "पेटीपाशी जाऊन दूध पाजायचंय. टाके ओढतात, एकटीला चालवत नाही. धरा मला." थोरलीनं तिचा दंड धरला. चार पावलं गेल्यावर धाकटी म्हणाली, "राग गेलेला नाही माझा."

"जाऊ देऊ नकोस," थोरली म्हणाली. "पण पाय जपून टाक."

दुपारी नर्सबाई आली. थोरलीला बघताच पाठीत धपाटा घालून म्हणाली, "माझी पोरगी पहिली आली!" थोरली हसली नाही. तिनं नर्सबाईला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि पाच वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं. सूज, ठिपके, ओला फडका, झटके. सासू जवळच्याच बाकावर होती. तिला ऐकू जात होतं, आणि थोरलीनं आवाज खाली आणला नाही.

"तेच गं," नर्सबाई म्हणाली. तिचा घोगरा आवाज अगदी मऊ झाला होता. "हाच आजार. वेळेवर आली असतीस तर कदाचित... तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं."

"म्हणजे नशीब नव्हे?"

"नशीब कसलं? रक्तदाब."

थोरली सासूपुढे जाऊन उभी राहिली. "ऐकलंत आई? आजार होता तो. माझ्या कपाळावर तुम्ही पाच वर्षं जे चिकटवलंत ना, ते काढा आता."

सासूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. नर्सबाई आत निघून गेली. व्हरांड्यात फरशी पुसणारी बाई बादली सरकवत पुढं गेली. थोरलीला वाटलं, म्हातारी आता उठेल, काहीतरी तिखट बोलेल, आणि पुन्हा जुनंच रहाटगाडगं सुरू होईल.

"केस होते त्याला," सासू म्हणाली.

"काय?"

"तुझ्या त्या पोराला. तू शुद्धीवर नव्हतीस. मीच हातात घेतलं होतं. डोकंभर काळे केस होते, आणि हनुवटी अगदी तुझ्यासारखी." तिनं मान वर केली नाही. "तुला सांगितलं नाही कधी. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, असं कसं झालं म्हणून. मग मला ओल्या फडक्याचं आठवलं असतं."

थोरली तिच्या शेजारी बाकावर बसली. दोघींच्या मध्ये हातभर जागा होती. मग ती म्हणाली, "अजून सांगा."

आणि सासू सांगू लागली.